आनंदाचे ओझे

अन्यायाशी झुंजणाऱ्या माणसाने आनंदी असावे काय? पीडितांच्या मेळ्यात गाणारा नेता आपल्याला किंचित उथळ वाटतो. ही समजूत पारखावयाची झाल्यास अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या फॅनी लू हेमर यांचे चरित्र आठवावे.

१९१७ साली एका कृष्णवर्णीय वाटेकरी कुटुंबात विसावे अपत्य म्हणून त्या जन्मल्या. लहानपणापासून कापूस वेचला. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी मतदारनोंदणीसाठी १८ जण इंडियानोला येथे गेले, त्यांत त्या होत्या. परतताना पोलिसांनी बस अडवली. गुन्हा काय, तर बसचा रंग फार पिवळा! चालकाला दंड झाला, तो उतारूंनी वर्गणी करून भरला. सारे भयभीत असताना हेमर भक्तिगीते गाऊ लागल्या आणि हळूहळू बस गाऊ लागली. नोंदणीचा अर्ज मागे घेण्यास नकार दिल्याने त्याच दिवशी मळ्यावरची १८ वर्षांची चाकरी गेली.

हे गाणे विरंगुळा नव्हे, असे आम्हांस वाटते. भय माणसाला एकेकटे करते. बसमधला प्रत्येकजण मनातल्या मनात घरी पोहोचण्याचा हिशेब करीत असणार. गाण्याने तो हिशेब सामाईक झाला. सुख ज्याचे त्याला मिळते. आनंद असा वाटून घेता येतो, आणि उद्दिष्ट स्पष्ट असेल तरच तो टिकतो.

मात्र येथे एक धोका आहे. कृष्णवर्णीय स्त्रीने हसतमुखाने सोसावे, ही अपेक्षा फार जुनी. चळवळीतील सहकारीही ‘ही खंबीर आहे, गाते आहे’ म्हणून आपले ओझे तिच्या खांद्यावर देऊन मोकळे होतात. हेमर यांनी ही सोय कोणाला दिली नाही. १९६३ साली विनोना येथील तुरुंगात त्यांना झालेल्या मारहाणीची इजा मूत्रपिंडाला जन्मभर राहिली. १९६४ साली अटलांटिक सिटी येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे त्यांनी ती मारहाण जशीच्या तशी सांगितली. पुढे त्यांच्या पक्षगटाला देऊ केलेल्या दोन जागा त्यांनी नाकारल्या. तेथे गोड बोलणे नव्हते.

त्यांच्या आनंदाचा आम्हांला सर्वांत भावणारा पुरावा मात्र डुकरांच्या पेढीत आहे. नॅशनल काउन्सिल ऑफ नीग्रो विमेनच्या साहाय्याने सुमारे ५० माद्यांपासून ती सुरू झाली. गरीब कुटुंबाने मादी न्यावी, पिले झाली की काही परत करावीत, ती पुढच्या घरी जावीत. १९६९ साली सहकारी शेतीही सुरू झाली, ४० एकरांवर. भुकेल्याला मतदानापूर्वी जेवण हवे, हे त्या जाणून होत्या. ती शेती काही वर्षांतच कर्जाने बुडाली. १९७७ साली हेमरही गेल्या.

रूलव्हिल येथील त्यांच्या समाधिशिळेवर जे वचन कोरले आहे ते गाण्याचे नाही, थकव्याचे आहे.