तिसऱ्या घंटेपूर्वीचा निरोप

एकपात्री प्रयोग ही महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या आपल्यासारख्या मराठी मंडळींची मोठी सोय आहे असे म्हटले, तर कलावंतांना ते कदाचित रुचणार नाही. पण ते खरे आहे. पूर्ण संचाचे नाटक माळव्यात आणावयाचे म्हणजे नेपथ्याचा ट्रक, पंधरावीस माणसांचा प्रवास, त्यांचा मुक्काम आणि जेवणखाण. मंडळाच्या तिजोरीला ते फार तर वर्षातून एकदा झेपते. एकपात्री कलावंत मात्र एक पेटी घेऊन निघतो. मीटरगेजच्या दिवसांत तो खंडव्याला गाडी बदलून सकाळी स्थानकावर उतरत असे, मंडळातल्याच कोणाच्या तरी घरी आंघोळ आणि जेवण करून वामकुक्षी घेत असे, आणि संध्याकाळी तोच माणूस रंगमंचावर अवघे गाव उभे करीत असे. आपल्या तीन पिढ्यांची मराठी हिंदीच्या शेजाराने वाकली, गुळगुळीत झाली. तिच्या मूळ खाचाखोचा आपण पुष्कळदा या पाहुण्यांच्या तोंडूनच ऐकल्या.

ही परंपरा तशी जुनी. संस्कृत नाट्यशास्त्राने दशरूपकांत ‘भाण’ नावाचा प्रकार मानला आहे. त्यात विट एकटाच रंगमंचावर येतो आणि न दिसणाऱ्या माणसांचे बोलणे ऐकल्यासारखे करून स्वतःच सांगतो. श्यामिलकाच्या ‘पादताडितक’ या भाणातील नगर म्हणजे आपली उज्जयिनीच, असे मानले जाते. कीर्तनकार बुवाही उत्तररंगात एकटेच राजा, राणी आणि दूत होतात. अलीकडच्या काळात औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकविणाऱ्या लक्ष्मण देशपांडे यांनी 1979 पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात 52 व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या आणि 2009 मध्ये निधन होईपर्यंत हे वऱ्हाड देशोदेशी नेले. त्या बावन्न माणसांची आपण मनापासून ओळख करून घेतली. प्रश्न त्रेपन्नाव्याचा आहे. प्रयोग संपल्यावर चेहरा पुसून आपल्या पानावर जेवावयास बसणारा तो जो असतो, त्याचे आपण काय लागतो?

हा प्रश्न आम्हांस एका प्रसंगाने घातला. सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विनोदी एकपात्री प्रयोगाचे कलावंत आमच्या गावी आले होते. नाव सांगण्याचे कारण नाही. प्रयोग साडेसातचा. पावणेसातला, ज्या घरी ते उतरले होते त्या घरी त्यांच्या गावाहून फोन आला : थोरले बंधू गेले. यजमानांचा मुलगा सायकलवरून सभागृहाशी निरोप घेऊन आला आणि तो आम्हां कार्यकारिणीच्या चौघांच्या हाती पडला. सभागृह भरत आले होते. बाहेर अत्तरगुलाब चालले होते. आत कलावंत आरशासमोर बसून एक ओळ पुनःपुन्हा घोळवीत होते.

आम्ही चौघे जिन्याखाली उभे राहिलो. एकाने म्हटले, परतीची गाडी रात्रीचीच आहे. आता सांगितले तरी ते आधी पोहोचणार नाहीत. दुसऱ्याने म्हटले, दोन तास तरी त्यांना शांतपणे मिळोत, ती दयाच होईल. तिसऱ्याने तिकिटांचे पैसे परत करण्याचा प्रश्न काढला. चौथा काहीच बोलला नाही. तिसरी घंटा झाली. निरोप आमच्या खिशात राहिला.

प्रयोग फार रंगला. दोन भावांच्या भांडणाचा एक प्रवेश त्यात होता. त्यावर लोक हसून हसून वाकले. आम्हीही हसलो, आणि ते हसू तोंडातच आंबले, हे लिहावयास आज संकोच वाटत नाही.

पडदा पडल्यावर सांगितले. ते खुर्चीवर बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “निरोप कधी आला?” आम्ही खरे ते सांगितले. ते म्हणाले, “प्रयोग मी केलाच असता. पण मग तो मी केला असता. आज तो तुम्ही माझ्याकडून करवून घेतलात.” आवाजात राग नव्हता. यजमानीणबाईंनी बांधून दिलेल्या दशम्या त्यांनी घेतल्या, मानधनाचे पाकीट न उघडता पेटीत टाकले, आणि आम्ही त्यांना गाडीत बसवून दिले.

तेव्हापासून आम्ही आमची बाजू अनेकदा मांडून पाहिली. पहिला आधार बालगंधर्वांचा. 12 मार्च 1911 रोजी मुंबईस ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट आपण लहानपणापासून आदराने ऐकत आलो. परंतु ती नीट पाहिली तर आमच्या विरुद्धच जाते. बालगंधर्वांना ठाऊक होते. उभे राहणे त्यांनी ठरविले, म्हणून त्या सोसण्याला मोठेपण आले. ज्याला ठाऊकच नाही, त्याच्या वाट्याला ना त्याग येतो, ना नकाराचा अधिकार. आम्ही पाहुण्याकडून त्यागाचे काम घेतले आणि त्याचे श्रेय मात्र त्यांना मिळू दिले नाही.

दुसरा आधार कलाविचाराचा. फ्रेंच तत्त्वज्ञ दिदेरो याने नटाविषयीच्या आपल्या प्रसिद्ध संवादात असे प्रतिपादिले की, थोर नट स्वतः भावनेने व्याकूळ होत नाही. तो थंड डोक्याने भावनेची चिन्हे घडवितो. रस प्रेक्षकाच्या ठायी असतो, असे म्हणणारे आपले अभिनवगुप्तादी आचार्यही नटाच्या खासगी सुखदुःखाला रसाचे कारण मानीत नाहीत. आम्ही मनाशी म्हणत होतो, कलावंताचे आत एक आणि बाहेर एक असतेच. पण हे मत खरे असेल, तर निरोप सांगूनही प्रयोग बिघडला नसता. मग लपविण्याचे कारण उरत नाही. आणि ते खोटे असेल, म्हणजे कला त्या माणसाच्या अंतःकरणातूनच येत असेल, तर ज्या हसण्याला त्याच्या मनाने संमती दिली नसती ते आम्ही त्याच्याकडून काढून घेतले. कोणताही पक्ष धरला तरी लपविणे टिकत नाही.

तिसरा आधार दयेचा, आणि तोच सर्वांत फसवा. आम्ही स्वतःला एकच प्रश्न विचारला : त्या संध्याकाळी प्रयोग नसता, ते केवळ पाहुणे म्हणून ओसरीवर बसले असते, तर निरोप दोन तास खिशात ठेवला असता काय? नाही. मुलाची सायकल थेट त्यांच्यापर्यंत गेली असती. मग ती दया त्यांच्यावर नव्हती. भरलेल्या सभागृहावर होती.

पूर्ण संचाच्या नाटकात निदान त्याची माणसे भोवती असतात. व्यवस्थापक असतो, सहकलाकार असतात. कोणी पाठीवर हात ठेवतो, कोणी बदली उभा राहतो. एकपात्री कलावंताजवळ विंगेत कोणी नसते. गावोगावचे यजमान हाच त्याचा संच. म्हणून आपले कर्तव्य टाळ्या, मानधन आणि पुरणपोळी एवढ्यावर संपत नाही. दुपारी पानावर बसलेल्या माणसाला “तो आवाज जरा काढून दाखवा ना” असा आग्रह करणे आणि त्याचा निरोप खिशात ठेवणे, यांत अंतर बरेच आहे. पण वाट एकच आहे. दोन्ही वेळी आपण बावन्नांसाठी त्रेपन्नाव्याला बाजूस सारतो.

ते कलावंत पुढे दोनदा आमच्या गावी आले. त्याच घरी उतरले, मोकळेपणाने गप्पा मारल्या, जुन्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. फक्त दोन्ही वेळा, दुसरी घंटा झाल्यावर, त्यांनी दाराशी येऊन सहज विचारल्यासारखे विचारले, “माझ्यासाठी काही निरोप नाही ना?” आम्ही नाही म्हणालो. ते खरे होते. तरी त्यांनी आमच्या तोंडाकडे क्षणभर अधिक पाहिले, आणि मग आत गेले.

चौघांपैकी दोघे आज हयात नाहीत. मंडळाच्या नव्या कार्यकर्त्यांना हिशेबाची वही, सभागृहाच्या किल्ल्या आणि कलावंतांचे पत्ते आम्ही सोपविले, तेव्हा ही गोष्टही सोपविली. ज्याच्या नावाने निरोप आला असेल त्याच्या हाती तो पोहोचवावा. पुढे पडदा उघडावयाचा की नाही, हे त्याला ठरवू द्यावे.