काळ्या खिडकीपुढे

उबुंटूवर टर्मिनल उघडा.

काही टाइप करू नका. नुसतं पाहा.

तुमचं नाव. मशीनचं नाव. डॉलरचं चिन्ह. त्यापुढे कर्सर. दिसतो, मिटतो. दिसतो, मिटतो.

श्वास घ्या. सावकाश सोडा. त्याला घाई नाही. तुम्हीही घाई करू नका.

डॉलरच्या आधी एक छोटी नागमोडी रेघ आहे. दिसली? तुम्ही तुमच्या होम डिरेक्टरीत आहात, एवढंच ती सांगते. लिनक्स प्रत्येकाला राहायला अशी एक जागा देतं.

आता तीन अक्षरं, एकेक करून. पी. डब्ल्यू. डी. एंटर.

एक ओळ उमटते. तिरकी रेघ, होम, तिरकी रेघ, तुमचं नाव.

इथेच राहा. अगदी पहिल्या तिरक्या रेघेकडे पाहा. तिच्या मागे काही नाही. ती रूट. या मशीनमधली प्रत्येक फाइल तिथूनच खाली कुठेतरी आहे. तिथून तुमच्या नावापर्यंतची वाट डोळ्यांनी चाला. हळू. पुन्हा एकदा.

पुस्तकं पहिल्याच प्रकरणात पन्नास कमांड पुढ्यात टाकतात. मला ते पटत नाही. आज दोन-चार पुरेत.

आता एक नवी डिरेक्टरी बनवू. लिहा: एम, के, डी, आय, आर. थोडी जागा सोडा. मग ‘सराव’. हो, मराठीतच. एंटर.

काहीच होत नाही.

थांबा. पुन्हा एंटर दाबू नका. ही शांतता ऐका.

नवख्या माणसाला इथेच धाकधूक होते. झालं की नाही? पण हा गप्प राहण्याचा स्वभाव जुना आहे. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स घडवू लागले. त्या काळी टेलिटाइप यंत्र कागदावर खडखडत सेकंदाला जेमतेम १० अक्षरं उमटवायचं. कमांड दोन-तीन अक्षरांच्या, आणि काम नीट झालं तर उत्तरच नाही. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स सुरू केलं, त्यातही हीच रीत आली.

काही आलं नाही, म्हणजे झालं.

खात्री हवी? एल. एस. एंटर. यादीत ‘सराव’ दिसेल.

एखादं अक्षर चुकेलही. मग ‘कमांड नॉट फाउंड’ असं उमटेल. ते रागावणं नाही. वाचा. शेवटपर्यंत वाचा. बहुतेक जण इथे डोळे फिरवतात, आणि नेमकं काय चुकलं ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं.

श्वास घ्या.

आता पायथन-थ्री लिहा. एंटर. डॉलर जातो, तीन बाण येतात. इथे प्रोग्रॅम लिहायचा.

प्रिंट. कंस उघडा. अवतरणचिन्हांत ‘नमस्कार’. कंस मिटवा. एंटर.

नमस्कार.

त्या शब्दाकडे पाहत राहा. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. न, म, स्का, र.

आता प्रिंटच्या जागी लेन लिहा. लेन लांबी मोजतं. बाकी सगळं तसंच. एंटर.

७.

गोंधळू नका. पाहा. तोंडाने हळू म्हणा: न. म. स. मग पाय मोडणारं हलन्ताचं चिन्ह. मग क. मग काना. मग र. स्का आपण एका दमात म्हणतो. मशीनजवळ त्याचे चार तुकडे वेगवेगळे ठेवलेले आहेत. जोडाक्षर ते फक्त दाखवताना जुळवतं.

पुन्हा म्हणा. सात वेळा थांबत.

आता नमस्कार पुसा आणि तिथे तुमचं नाव लिहा. एंटरवर बोट ठेवा, पण दाबू नका.

आधी मोजा. काना, वेलांटी, अनुस्वार, काही सोडू नका.

आता दाबा. आकडा जुळला नाही, तर पुन्हा मोजा.