राहून गेलेले उत्तर

ज्या कामास मनुष्य भारी म्हणतो ते तो बहुधा कसेबसे उरकून टाकतो. परंतु ज्यास तो किरकोळ म्हणतो तेच महिनोन्महिने पडून राहते. विहीर खणून होते, आणि रहाटाची दोरी बदलावयाची राहते. लेकीचे लग्न पार पडते, आणि त्यासाठी आणलेली शेजाऱ्याची पातेली परत द्यावयाची राहतात. मंडळीचे नोंदबुक, आजाऱ्याची भेट, आलेल्या पत्राचे उत्तर, ही सर्व कामे ह्याच जातीची. त्यांस वेळ थोडा लागतो, म्हणूनच ती उद्यावर ढकलताना आपणांस काही वाटत नाही.

आमच्याच हातून घडलेली गोष्ट सांगतो. परळच्या एका गिरणीत पुष्कळ वर्षे काम केलेले एक गृहस्थ गिरणी बंद झाल्यावर सातारा जिल्ह्यातील आपल्या गावी जाऊन राहिले. पुढे त्यांची पत्नी वारली, तेव्हा त्यांनी आम्हांस गिरगावच्या पत्त्यावर तसे कळविले. पत्र वाचून आम्हांस खरोखर वाईट वाटले. आणि अशा पत्रास घाईने उत्तर देणे बरे नव्हे, सवडीने स्वस्थ बसून चांगले लिहू, असे आम्ही ठरविले. एक रविवार गेला, दुसरा गेला. आता उशिराबद्दल दोन शब्द लिहिणे प्राप्त झाले. महिन्याने ते दोन शब्द अपुरे वाटू लागले. सावकाराच्या व्याजासारखे ते उत्तर दिवसेंदिवस जड होत गेले. पाच महिन्यांनी ते गृहस्थ काही कामानिमित्त मुंबईस आले व आमच्या दारी उभे राहिले. आत पाऊल टाकण्यापूर्वीच त्यांनी विचारले, "मास्तर, माझ्याकडून काही चुकलं का?"

त्यांनी रागावून दोन शब्द सुनावले असते तरी आमची मान इतकी खाली गेली नसती. आमची दिरंगाई ही आमची खासगी उणीव आहे, अशा समजुतीत आम्ही होतो. तिकडे तो दुःखी मनुष्य आमच्या मौनाचा अर्थ लावीत, स्वतःच्या वर्तनात दोष शोधीत बसला होता.

ह्यास आळस म्हणावे काय? त्या पाच महिन्यांत आम्ही रिकामे बसलो नव्हतो. उलट पत्राची आठवण झाली की हटकून दुसरे काही काम सुचे. एकदा तर पुस्तकांचे सबंध कपाट रिकामे करून पुन्हा लावले. आळशी मनुष्य काम सोडून विसावा तरी घेतो. दीर्घसूत्री मनुष्य टाळलेले काम उशाशी घेऊन निजतो. मानसशास्त्राचे अभ्यासक अलीकडे असे सांगू लागले आहेत की, कामाबरोबर जी लाज, भीती किंवा कंटाळा येतो त्यापासून मनुष्य पळतो. आणि पळाल्याने घटकाभर सुटल्यासारखे वाटते, म्हणून पुन्हा पळतो. आमचा अनुभव ह्याहून निराळा नाही.

बरे काय ते ठाऊक असून मनुष्य ते का करीत नाही, हा प्रश्न फार जुना आहे. सॉक्रेटिसाचे म्हणणे असे की, ज्यास बरे खरोखर कळले तो ते केल्यावाचून राहणारच नाही. अ‍ॅरिस्टॉटलने हरकत घेतली की, कळूनही न करणारे आपण नित्य पाहतो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हीच तक्रार स्वतःविषयी मांडली आहे. सॉक्रेटिसाची बाजू घेण्याचे धाडस आम्हांस तरी होत नाही. मात्र त्याच्या म्हणण्यात एक अंश खरा असावा. उत्तर लिहिले पाहिजे हे आम्हांस कळत होते; कोणी रोज टपालवाल्याची वाट पाहत आहे हे कळत नव्हते.

ही वाट पाहणारी माणसे जेथे डोळ्यांपुढे असतात तेथे काय घडते, हे लालबाग-परळच्या जुन्या खाणावळींत दिसे. गाव सोडून एकटे आलेले कामगार महिन्याच्या बोलीने एखाद्या बाईकडे जेवत. पाळी सुटली की माणसे पाटावर येऊन बसणार. आज मन लागत नाही, असे म्हणण्यास त्या बाईला जागाच नव्हती. अशाच बायांना एकत्र करून प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. त्या बायांचे जिणे सुखाचे होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु उत्साह आल्यावर चूल पेटवू, असे त्यांतील कोणी म्हटले असते तर कामगार उपाशी राहिले असते, हेही खरे.

त्याच कामगारांना भोंगा उठवीत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले, आणि पुढे एकेक करून बहुतेक गिरण्या बंद पडल्या. लालबागच्या एका चाळीतील वृद्ध आम्हांस म्हणाले की, भोंगा थांबल्यावरही कित्येक वर्षे त्यांस नेमकी त्याच वेळी जाग येई; मग उठून काय करावे ते कळत नसे. जाता जाता एक सांगावेसे वाटते. गिरणीमालक ह्या लोकांस बेभरवशाचे म्हणत, कारण पेरणीच्या दिवसांत ते गावी निघून जात. मालकाच्या हजेरीपुस्तकात जो दिवस बुडाला तो शेतात वेळेवर पोहोचला होता. कोणास चुकारपणाचा दोष लावण्यापूर्वी, तो दुसऱ्या कोणाकडे वेळेवर गेला होता काय, हे पाहावे.

पण ज्या कामाची कोणी वाट पाहत नाही, त्याचे काय? गिरगावात आंग्रेवाडीत राहणारे वकील पांडुरंग वामन काणे ह्यांनी १९२६ साली 'व्यवहारमयूख' ह्या ग्रंथाची आवृत्ती काढिली. त्यास धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी, एवढाच त्यांचा मानस होता. प्रस्तावना वाढू लागली. १९३० साली धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड निघाला आणि पाचवा खंड १९६२ साली पुरा झाला, तेव्हा काणे ब्याऐंशी वर्षांचे होते. पृष्ठे सहा हजारांवर गेली होती. एवढे लिहावयाचे आहे असे त्यांस आरंभी कोणी सांगितले असते, तर त्यांनी लेखणी उचलली असती की नाही, कोण जाणे. त्यांनी आरंभ केला तो प्रस्तावनेचा. आम्ही मात्र एका पोस्टकार्डाचा ग्रंथ करून ठेविला होता.

मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातील त्या दोन पुत्रांचा दाखला वाचकांस ठाऊकच आहे. पहिला बापास नाही म्हणाला, आणि मागाहून द्राक्षमळ्यात गेला. दुसरा जातो म्हणाला, आणि गेला नाही. दुसऱ्याचा शब्द आमच्या 'सवडीने लिहू' सारखाच गोड होता. पहिल्याच्या अंगी जाताना उत्साह होता असे कोठे लिहिलेले नाही.

केव्हा व कोठे हे आधी ठरवून घेतलेला संकल्प अधिक वेळा तडीस जातो, असे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर ह्यांनी १९९९ सालच्या आपल्या लेखात मांडले आहे. 'सवडीने' ह्या शब्दात केव्हाही नाही आणि कोठेही नाही. आता आमच्या घरी रात्रीची ताटे उचलली की त्याच जागी दिवसाची पत्रे उघडली जातात, आणि उत्तर वाईट उतरले तरी ते दुसऱ्या सकाळी पेटीत पडते. हे नेहमी साधते असे नाही. अंग मोडून आले असेल, घरात दुखणे असेल, तर काम थांबावे. तेव्हा 'उशीर होईल' एवढे कळविण्यास दोन ओळी पुरतात.

ते गृहस्थ त्या दिवशी आमच्याकडे जेवले व रात्रीच्या गाडीने गावी परतले. दुसऱ्या सकाळी आम्ही त्यांस पत्र लिहिले. पोस्टकार्डावर सहा ओळी झाल्या. आठव्या दिवशी त्यांचे उत्तर आले.