झाकण

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध एवढाच, की कॉलेजात त्याचा वर्ग आमच्या शेजारच्या खोलीत भरे आणि आतून घोरण्याखेरीज आवाज येत नसे. 'सत्य म्हणजे काय?' हा प्रश्न मला कधी पडला नाही. बँकेत जे टॅली होतं ते सत्य. नाही झालं तर रात्री आठपर्यंत बसून ते सत्य करायचं. अशा माणसाला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मांजराच्या शी-शूच्या पेटीपुढे उकिडवं बसलं असताना, पाप-पुण्याचा विचार करावा लागला, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

खंडू नावाचा हा बोका कन्येच्या रेनकोटातून आमच्या घरी आला. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, तेव्हा त्याला परसाकडे पाठवायचं म्हटलं तर परसूच नाही. पहिले काही महिने एका जुन्या घमेल्यात वाळू घालून भागवलं. पण एका रविवारी आमचे मेहुणे आले, दारातच थांबले, नाक वर केलं आणि म्हणाले, "भाऊजी, ड्रेनेज तुंबलंय वाटतं!" त्या संध्याकाळी साडेअठराशे रुपये मोजून झाकणाची पेटी घरात आली.

दुकानदार मोठा हुशार. "वरती कोळशाची गाळणी आहे, वास येत नाही. दाराला झुलतं झडप आहे. आणि साहेब, मुख्य म्हणजे मांजराला प्रायव्हसी मिळते!" या शेवटच्या शब्दाने मी विरघळलो. आमच्या घरात ही वस्तू मला एकोणीस वर्षांत मिळालेली नाही. मी न्हाणीघरात गेलो की दोन मिनिटांत कुणीतरी दार वाजवतं. निदान खंडूला तरी मिळो!

पेटीबरोबर मातीही विकत आणावी लागते. माती विकत घ्यायची ही कल्पना मूळची अमेरिकेतली. १९४७ साली मिशिगनमध्ये एड लो नावाच्या गृहस्थांकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. त्यांनी तिला कारखान्यात सांडलेलं तेल टिपून घेणारी चिकणमाती दिली आणि त्यातून पुढे एक मोठा धंदा उभा राहिला. आपली मुलतानी माती त्याच कुळातली. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने घरात दिली, तेव्हा सौभाग्यवती चेहऱ्याला तोच लेप लावून बसल्या होत्या. त्या दिवशी जेवण उशिरा मिळालं. हल्ली जी ओली होताच गोळा धरते ती बेन्टोनाइटची माती. ती आपल्या कच्छातही निघते.

बाकीचे नियम सोपे. पेटीची लांबी मांजराच्या दीडपट हवी, माती दोन-तीन इंच, गोळे रोज काढायचे, पेटी अधूनमधून साध्या साबणाने धुवायची. फिनेल मात्र वापरायचं नाही, ते मांजरांना विषारी.

प्रश्न होता तो 'काढायचे' या क्रियापदाच्या कर्त्याचा. मी सहज म्हटलं, "बाईंना सांग, पन्नास रुपये जास्त देऊ." बाईंनी कमरेला पदर खोचत मलाच सांगितलं, "केर करीन, भांडी करीन. ह्ये नाही करणार, दादा. मांजर तुमचं." ही म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. आपण हात लावणार नाही ते दुसऱ्याने का लावायचं?" यावर कॉमर्सच्या चार वर्षांत मला उत्तर शिकवलेलं नव्हतं. काम माझ्याकडे आलं.

आणि इथे झाकणाने आपला गुण दाखवला. उघड्या घमेल्याकडे रोज बघावंच लागे. झाकण आल्यावर रोजचं एक दिवसाआड झालं, मग तिसऱ्या दिवशी. वास नाही, दर्शन नाही, म्हणजे प्रश्नच नाही! बँकेत आमचं एक सस्पेन्स खातं असतं. न जुळणारी नोंद तात्पुरती तिथे ढकलायची आणि शांत झोपायचं. ऑडिटर येईपर्यंत त्यात काय कुजतंय ते कुणी पाहत नाही. मी घरातही एक सस्पेन्स खातं उघडलं होतं. फरक एवढाच, की त्या खात्यात एका मुक्या प्राण्याला दिवसातून चारदा जाऊन बसावं लागत होतं. गाळणी वास बाहेर येऊ देत नव्हती, म्हणजे तो सगळा आत त्याच्याच वाट्याला होता. प्रायव्हसी कोणाची, हे आता सांगायला नको.

एके दिवशी खंडूने पायपुसण्यावर चार थेंब केले. मी त्याला खडसावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा खडसावलं. तिसऱ्या दिवशी तो पलंगाखाली जाऊन विव्हळायला लागला, तेव्हा कन्येने रडत रडत त्याला डॉक्टरांकडे नेला. मी मागून पाकीट घेऊन. डॉक्टर म्हणाले, लघवी अडली आहे. बोक्यांची नळी अरुंद असते, पटकन तुंबते. आणखी एखादा दिवस गेला असता तर हाती लागला नसता. मग त्यांनी विचारलं, "रोज किती गोळे निघतात? कधीपासून कमी झाले?"

मी गप्प. बावीस वर्षं मी रोज संध्याकाळी कॅश जुळवतो. दहा रुपये कमी भरले तर झोप येत नाही. आणि घरातल्या जिवाचा हिशेब मला ठाऊक नव्हता. उलट तो अपंगासारखा जमिनीवर तक्रार लिहून देत होता, तर मी तो अर्ज फेटाळत होतो.

नळी घालून तीन दिवस खंडू दवाखान्यात होता. मी आल्या आल्या झाकणावर खापर फोडू लागलो, तर डॉक्टरांनी तेही करू दिलं नाही. म्हणाले, पेटी स्वच्छ असली की बहुतेक मांजरांना झाकण असलं काय, नसलं काय, सारखंच. २०१३ साली तशी पाहणीही झाली आहे. म्हणजे झाकण निर्दोष सुटलं. आरोपीच्या पिंजऱ्यात एकटाच उरलो मी, पाकीट घेऊन.

आता सकाळी सहाला, चहाच्या आधी, मी खुरपणी घेऊन बसतो. कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्याशेजारी, गोळ्यांचा आकडा लिहितो. झाकण गॅलरीत पडलेलं असतं. खंडू दुपारी त्यावर झोपतो. मी पुरता सुधारलो असं मात्र समजू नका. परवा ही म्हणाली, "रविवारी दादा येतोय. त्याच्यापुरतं तरी लावा ते झाकण." एकतीस मार्चला आमची शाखासुद्धा ताळेबंद असाच नटवते, मग मी कोण? लावलं. पण लावण्याआधी मोजून घेतले. सकाळचे दोन.