स्वतःविषयीची साक्ष

इशाची नमाज आटोपून लोक पांगले होते. आमच्या वस्तीतील एक तरुण, जो शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मस्जिदीच्या पायरीवर थांबून राहिला होता. त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. ‘लिंक्डइन’वर त्याने स्वतःचे पान तयार केले होते. वर छायाचित्र, खाली नाव आणि नावाखाली इंग्रजीत एक ओळ. तिचा मराठीत अर्थ असा: ‘वित्त विश्लेषक, संघनायक, शैक्षणिक कार्यकर्ता’.

“मौलाना, इथं ओळखीच्या माणसाची शिफारस असली की वजन पडतं,” तो म्हणाला. “तुमचं खातं मी काढून देतो. मस्जिदीची अभ्यासिका मी दोन वर्षं चालवली, एवढं चार ओळींत लिहून द्याल का?”

वाचकहो, वस्तुस्थिती अशी की अभ्यासिका जमातची आहे आणि ती दोन निवृत्त शिक्षक चालवतात. या तरुणाने गेल्या वर्षी पाच महिने तेथे सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकविले, आणि उत्तम शिकविले. मी त्याला ‘उद्या सांगतो’ म्हणालो. मनात मात्र एक जुने पत्र आठवून गेले होते. त्याविषयी पुढे येईलच.

या संकेतस्थळाची ज्या घरांत ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ते २००३ साली अमेरिकेत सुरू झाले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. नोकरी देणारे व शोधणारे तेथे एकमेकांस पाहतात. विद्यार्थी आपले शिक्षण, अनुभव, कौशल्ये मांडतो. ओळखीचे लोक त्याच्या कौशल्यांना एका स्पर्शाने दुजोरा देतात किंवा लेखी शिफारस करतात. ज्याच्या घराण्यात कोणी अधिकारी नाही, ज्याचा मामा-काका कोणत्याही कंपनीत नाही, त्या मुलास मुंबई-पुण्यातील अपरिचित माणसाच्या दारापर्यंत नेणारी ही एक वाट आहे. आपल्या समाजातील बहुसंख्य मुले अशाच घरांतील आहेत. म्हणून ‘हे सगळे दिखाऊपणाचे चाळे’ असे म्हणून हात झटकणे मला मान्य नाही.

पण हात झटकणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मनातील शंका निराधारही नाही. पवित्र कुरआनच्या सूरह नज्ममध्ये अल्लाहने माणसांना स्वतःच्या पावित्र्याचे दावे करण्यापासून रोखले आहे. कोण ईशपरायण आहे हे तोच अधिक जाणतो. मग स्वतःच्या गुणांची यादी जाहीर करणे श्रद्धावंतास शोभते काय? याचे उत्तर त्याच ग्रंथातील सूरह यूसुफमध्ये आहे. मिसरच्या बादशाहने सन्मानाने बोलाविले तेव्हा हजरत यूसुफ (अ.) यांनी देशाची कोठारे आपल्या हाती सोपविण्यास सांगितले, आणि आपण रक्षण करणारे व जाणते आहोत हे स्वतःच्या मुखाने सांगितले. दुष्काळ येणार होता, धान्याची व्यवस्था त्यांना कळत होती, आणि तेथे त्यांची ही क्षमता सांगणारा दुसरा कोणी नव्हता. त्यांनी आपल्या पुण्याईचा उल्लेख केला नाही, तुरुंगात काढलेल्या वर्षांचे भांडवल केले नाही. कामाला लागणाऱ्या दोन गोष्टी तेवढ्या सांगितल्या. टीकाकारांनी यावरून काढलेला निष्कर्ष असा, की जेथे गरज आहे आणि सांगणारा दुसरा नाही, तेथे आपली खरी क्षमता सांगणे हे आत्मस्तुतीत मोडत नाही. वरील आयतीत मनाई आहे ती अल्लाहसमोरच्या निर्मळतेच्या दाव्याची. हिशेब येतो असे सांगण्याची नव्हे.

तेव्हा ‘पान उघडावे की नाही’ हा प्रश्न माझ्या दृष्टीने फारसा कठीण नाही. कठीण प्रश्न पुढे आहे. खोटी पदवी लिहिणे हराम आहे हे सांगायला मौलानाची आवश्यकता नाही. आमच्या मुलांपैकी फार थोडे तसे करीत असतील. त्यांच्या पानांवर जे असते ते वेगळेच. तेथे एकेक शब्द सुटा घेतला तर खरा असतो, आणि वाचणाऱ्याच्या मनात उमटलेले चित्र मात्र खोटे असते. एखाद्या नामांकित संस्थेत दोन दिवसांची कार्यशाळा केलेली असते. पानावर त्या संस्थेचे नाव ‘शिक्षण’ या रकान्यात, पदवीच्या शेजारी बसते. सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये संगणकावर पावत्या चढविलेल्या असतात. पानावर ‘आर्थिक माहितीचे व्यवस्थापन’ केलेले असते. चौकशी केली तर मुलगा निर्धास्तपणे म्हणतो, “यात खोटं काय आहे?”

मदरशात ‘नुख्बतुल फिक्र’ शिकताना या प्रश्नाला आमच्या पूर्वजांनी दिलेले नाव मी पहिल्यांदा ऐकले: तदलीस. हदीस सांगणारा आपण ती कोणाकडून ऐकली हे सांगत असे. आता समजा, एका कथनकर्त्याची एका थोर गुरूशी खरोखर भेट झालेली आहे, त्यांच्याकडून त्याने काही हदीस ऐकल्याही आहेत. परंतु ही विशिष्ट हदीस त्याने त्यांच्याकडून ऐकलेली नाही. मध्ये एक तिसरा, सामान्य किंवा कच्चा माणूस आहे. तो त्या तिसऱ्याचे नाव गाळतो. ‘मी ऐकले’ असे म्हणत नाही, कारण ते उघड असत्य ठरेल. तो म्हणतो, ‘अमुक यांच्याकडून’. अरबीत त्यासाठी ‘अन’ हा दोन अक्षरांचा शब्द आहे. ऐकणारा समजतो की याने थेट गुरुमुखातून ऐकले. बोलणाऱ्याने तसे म्हटलेले नसते. त्याने केवळ तसे समजू दिलेले असते.

हदीसच्या विद्वानांनी या दोन अक्षरांकडे डोळेझाक केली नाही. इमाम शुअबा (रह.) यांनी तदलीसला असत्याचे भावंड म्हटले. इब्न हजर (रह.) यांनी अशा कथनकर्त्यांच्या पाच श्रेणी करून स्वतंत्र पुस्तिका लिहिली, आणि त्यांत काही मोठमोठी नावे आहेत. नियम असा ठरला की ज्याची ही सवय ज्ञात आहे, तो विश्वसनीय असला तरी त्याचे ‘अमुक यांच्याकडून’ पुरेसे नाही. ‘मी स्वतः ऐकले’ असे त्याने स्पष्ट म्हटले पाहिजे. विचार करा, ज्या समाजाने चौदाशे वर्षांपूर्वीचे शब्द जपण्यासाठी एका अव्ययाचा एवढा कीस पाडला, त्याच समाजातील विद्यार्थ्याने आपल्याविषयी लिहिताना ‘व्यवस्थापन केले’ हे क्रियापद सहज लिहून जावे!

क्रियापदाचा विषय निघाला म्हणून एक अवांतर. बी.ए.ला मराठी घेतले तेव्हा आम्हाला शिकविले गेले की क्रियापद हा वाक्याचा धनी. या पानांवरची फसवणूक बहुधा नामांत नसते, या धन्यातच असते. ‘मदत केली’चे ‘नेतृत्व केले’ होते, ‘उपस्थित होतो’चे ‘आयोजन केले’ होते. कोणी म्हणेल, अतिशयोक्ती हा तर अलंकार आहे. आहे, पण काव्यात ऐकणाऱ्यास ती अतिशयोक्ती असल्याचे ठाऊक असते, म्हणूनच त्याला आनंद होतो. येथे तिचे सारे बळ वाचणाऱ्याला ते ठाऊक नसण्यात आहे. जे मिळालेलेच नाही ते मिळाल्याचा आव आणणाऱ्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी असत्याची दोन वस्त्रे ल्यालेल्या माणसाची उपमा दिली आहे. हल्ली परिचयाचा मजकूर यंत्राकडून लिहून घेतात. वस्त्र शिवणारा बदलला, ल्यालेला माणूस तोच.

मग सर्व काही लिहिलेच पाहिजे काय? नापास झालेला विषय, आजारपणात गेलेले वर्ष, घरची परिस्थिती? येथे मला बाजारातील ती प्रसिद्ध घटना आठवते. प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस पडला होता. प्रेषितांनी (स.) विचारले की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. यातून समजते की ज्या वस्तूचा व्यवहार होत आहे तिच्यातील दोष झाकणे ही फसवणूक आहे. पण विक्रेत्याच्या घरातील दुःखे राशीवर मांडण्यास कोणी सांगितले नव्हते. जे काम मागितले जात आहे, त्याच्याशी ज्या उणिवेचा संबंध आहे, ती दडवू नये. बाकी मौन ही आपली मालकीची वस्तू आहे. छायाचित्र न लावणाऱ्या मुलीही याच कक्षेत येतात.

याच संदर्भात एक दुखरा प्रश्न मुले विचारतात, आणि त्याला मी टाळू इच्छीत नाही. नावाचे काय करावे? अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठविण्यात आले. फरक अर्जदाराच्या नावात होता. मुस्लिम नावाच्या अर्जांना उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जांपेक्षा प्रतिसाद मिळण्याची शक्यता बरीच कमी आढळली. म्हणजे मुलांची भीती काल्पनिक नाही. कोणी नावाची आद्याक्षरे वापरतो, कोणी केवळ आडनाव ठेवतो. आपल्याकडे पाटील, देशमुख, इनामदार ही आडनावे अनेक मुस्लिम घरांची आहेतच. माझ्या अल्पमतीप्रमाणे जे नाव तुमचेच आहे त्याचा कोणता भाग पुढे ठेवावा हा तुमचा अधिकार आहे, कारण नाव हा धान्यातील ओलावा नव्हे. परक्या नावाचे पांघरूण मात्र मी योग्य मानत नाही. आणि ज्यांनी पूर्ण नाव लिहून नकार सोसले त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण इतरांवर ते ओझे लादण्याचा अधिकार मला नाही.

आता त्या जुन्या पत्राविषयी. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी मुलाच्या नोकरीसाठी माझ्याकडे शिफारसपत्र मागितले. दुकानात रोकड सांभाळण्याचे काम होते. मुलगा जुम्याला पहिल्या रांगेत दिसे, सलाम आदबीने करी. मी लिहून दिले: ‘मी यास चांगला ओळखतो, विश्वासू आहे.’ सहा महिन्यांनी दुकानदार ते पत्र घेऊन माझ्याकडे आले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “मौलाना, तुमच्या शब्दावर मी किल्ली दिली होती.”

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयीचा प्रसंग मी तोवर किती तरी वेळा मिंबरवरून सांगितला होता. एका माणसाची ग्वाही देणाऱ्यास त्यांनी विचारले, तू त्याचा शेजारी आहेस काय? त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस काय? त्याच्यासोबत प्रवास केला आहेस काय? तिन्ही उत्तरे ‘नाही’ अशी आल्यावर ते म्हणाले की मग तू त्यास ओळखत नाहीस. सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्यालाच लागू पडायला कधी कधी असे एक पत्र परत यावे लागते. त्या मुलाच्या चुकीचा हिशेब त्याच्याकडे, पत्राचा माझ्याकडे. सूरह निसामध्ये म्हटलेच आहे की चांगल्या शिफारशीत करणाऱ्याचा वाटा असतो आणि वाईट शिफारशीतही.

आता तेथील दुजोऱ्याची पद्धत पाहा. मित्र मित्राच्या कौशल्यावर बोट टेकवतो, आणि तासाभरात तो मित्र परतफेड करतो. ज्याने ज्याला संगणकावर काम करताना कधी पाहिले नाही, तो त्याच्या संगणकज्ञानाचा साक्षीदार होतो. संपर्क पाचशेच्या वर गेले की पान नेमका आकडा न दाखविता ‘५००+’ एवढेच दाखविते. त्यातील शेजारी किती, सहप्रवासी किती?

“सगळेच फुगवून लिहितात, मौलाना. नोकरी देणारा प्रत्येकाचं निम्मं धरतो. मी खरं लिहिलं तर माझं खरंही निम्मं होईल.” दुसऱ्या दिवशी तो तरुण मला हेच म्हणाला, आणि त्याच्या युक्तिवादात तथ्य आहे. सत्य लिहिल्याने नोकरी लवकर लागेल असे आश्वासन मी त्याला दिले नाही. रोजी देणारा अल्लाह आहे, पण ती कोणत्या महिन्यात देईल हे त्याने मला सांगितलेले नाही. मी त्याला इतकेच म्हणालो, की विशेषणाचे निम्मे करता येते, आकड्याचे करणे अवघड असते. ‘वित्त विश्लेषक’ काढ आणि तू हाताने काय काय केले आहेस ते मला सांग.

तो सांगू लागला. इंटर्नशिप, अभ्यासिका, महाविद्यालयातील प्रकल्प. मग थोडा अडखळून म्हणाला, “आणि अब्बांच्या हार्डवेअरच्या दुकानाचे जीएसटीचे हिशेब तीन वर्षं मीच करतो. पण ते काय लिहायचं, घरचं काम आहे.”

जे केले नव्हते ते त्याच्या पानावर होते, आणि तीन वर्षे दर महिन्याला जे बिनचूक केले होते ते कोठेच नव्हते. मदयनच्या विहिरीवर हजरत मूसा (अ.) यांनी दोन अनोळखी मुलींच्या गुरांना पाणी पाजले आणि सावलीत जाऊन बसले. पुढे त्यांपैकी एकीने वडिलांना त्यांना कामावर ठेवण्यास सुचविले तेव्हा दोन गुण सांगितले, सामर्थ्य आणि विश्वासार्हता. ते तिने डोळ्यांनी पाहिले होते. मी त्याला म्हणालो, दुकानाचा हिशेब सर्वांत वर लिही.

मग मी शिफारस लिहिली: ‘या विद्यार्थ्याने आमच्या मस्जिदीच्या अभ्यासिकेत पाच महिने, आठवड्यातून चार संध्याकाळी सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकविले. मी अनेकदा मागे बसून पाहिले आहे. एखादा मुलगा अपूर्णांकांत अडला तर हा त्याच्यासाठी इशापर्यंत थांबत असे. याच्या हिशेबाच्या कामाविषयी मला प्रत्यक्ष माहिती नाही.’

त्याने दोनदा वाचले. “शेवटची ओळ काढली तर चालेल?”

मी थोडा विचार केला. मी हिशेबाची ग्वाही देत नव्हतोच; न देण्याची घोषणा करणे बंधनकारक नव्हते. ती ओळ मी खोडली. पाच महिन्यांचे दोन वर्षे करा असे तो पुन्हा म्हणाला नाही.

गेल्या आठवड्यात त्याने नवे पान दाखविले. नावाखाली आता लिहिले आहे, ‘बी.कॉम. विद्यार्थी, तीन वर्षे किरकोळ दुकानाचे जीएसटी हिशेब, संघनायक’. हा शेवटचा शब्द अजून तेथेच आहे. महाविद्यालयाच्या प्रकल्पात चौघांचा गट होता; कदाचित तो खरोखरच त्यांचा नायक असेल. जुम्यानंतर भेटला की विचारणार आहे.