फक्त तीन पीस शिल्लक



गतवर्षी पावसाळ्यात काही कामानिमित्त आमचे सुरतेस जाणे झाले. उधना भागातील एका घरी संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर चहा घेता घेता एका तरुणाने आम्हांस एक प्रश्न विचारला. प्रश्न साधा होता. त्याचे नीट उत्तर आम्हांस त्या रात्री देता आले नाही, म्हणून ते येथे शोधीत आहोत.

सुरतेचे नाव निघाले की आपणा मराठी माणसांस १६६४ साल आठवते. परंतु आजची सुरत निराळ्या रीतीने आपली झाली आहे. तापीच्या खोऱ्यातून भुसावळकडून येणाऱ्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारची हजारो कुटुंबे पोटासाठी तेथे गेली, उधना आणि लिंबायतमध्ये स्थिरावली. कोणी यंत्रमागावर, कोणी रंगाईच्या कारखान्यात, कोणी रिंग रोडवरच्या कापड बाजारात हमालीला. स्त्रिया घरी बसून साड्यांवर खडे चिकटवितात, दोरे कापतात. कृत्रिम धाग्याच्या कापडात सुरत देशात पहिली आहे, आणि आपल्या गावच्या लग्नात ज्या साड्या आहेर म्हणून दिल्या जातात त्यांतील कितीतरी तेथूनच आलेल्या असतात.

हा तरुण एका साडी व्यापाऱ्याकडे कामाला आहे. पूर्वी तो गाठी बांधीत असे. आता त्याला खुर्ची आणि पंखा मिळाला आहे. नव्या साडीचा फोटो आला की त्याखाली मराठी मजकूर लिहायचा, आणि तो महाराष्ट्रातल्या गावोगावच्या, घरबसल्या साड्या विकणाऱ्या बायकांच्या फोनवर पाठवायचा, हे त्याचे काम. मराठी शुद्ध लिहितो म्हणून मालकाने त्याला निवडले. ते शुद्ध मराठी तो कोठे शिकला असे आम्ही विचारले, तर म्हणाला, "काका, शब्बाथ शाळेत. वचने पाठ करून करून."

मग त्याने आपल्या हातचा एक मजकूर दाखविला. साडीला 'पैठणी' म्हटले होते. किंमत २,४९९ लिहून तीवर काट मारली होती आणि पुढे ४९९ होते. शेवटी लाल अक्षरांत होते, फक्त ३ पीस शिल्लक. "आणि मागे गोदामात?" आम्ही विचारले. "छतापर्यंत गाठी," तो म्हणाला. "काका, रविवारी मी मुलांना नववी आज्ञा शिकवतो. सोमवारी हे लिहितो. मी काय करू?"

आता प्रथम एक गैरसमज बाजूला सारू. आपल्या मंडळ्यांत काही वडीलधारे असे मानतात की जाहिरात हा प्रकारच जगाचा, त्यात सत्य असायचे कोठून? आम्हांला हे पटत नाही. माल कोणाला ठाऊकच नसेल तर विणकराच्या घरी चूल कशी पेटावी? यशया संदेष्ट्याने देवाचे आमंत्रण लोकांना सांगताना तहानेल्यांना हाक घातली ती बाजारातल्या विक्रेत्याच्या थाटातच. हाक मारण्यात पाप नाही.

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल अशी धास्ती शेतकऱ्यांना होती. नांगर विकायचा तर आधी ही धास्ती घालवावी लागणार. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' नावाचे कारखान्याचे पत्र काढले ते मालाच्या प्रसारासाठीच. पण त्यात वाचायला काही मिळे, म्हणून लोक वाचू लागले, आणि पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक होऊन मराठी घराघरांत गेले. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायरच्या कंपनीने १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका छापून फुकट वाटली होती. गाडी कोठे दुरुस्त होईल, मुक्काम कोठे करता येईल, हे सारे तीत होते. लोकांनी फिरावे आणि टायर झिजावेत, हा हेतू उघड होता! आज व्यापारी ज्याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात ते हेच. उपयोगाचे काही आधी द्यायचे, गिऱ्हाईक मागून येते.

या दोन्ही ठिकाणी विकणाऱ्याचा स्वार्थ होता. स्वार्थ असल्याने गोष्ट खोटी ठरत नाही. मोटारवाला पुस्तकात लिहिलेल्या गावी पोहोचला, तर तेथे गाडी दुरुस्त करणारा होता की नाही, एवढाच प्रश्न. शेतकऱ्याने नांगर जमिनीत घातला की वाचलेले खरे की खोटे ते त्याच्या डोळ्यांपुढेच येई. जो शब्द ऐकणाऱ्याला मालापाशी नेऊन उभा करतो आणि 'आता तूच पाहा' म्हणतो, तो शब्द प्रामाणिक. जो शब्द त्याच्या आणि मालाच्या मध्ये पडदा होऊन उभा राहतो, तो नव्हे. ही कसोटी हाती धरून त्या तरुणाच्या मजकुराकडे वळू.

'पैठणी' या शब्दाबद्दल मालकाचे म्हणणे त्याने आम्हांला सांगितले, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. मालक म्हणतो, "४९९ रुपयांत येवल्याची पैठणी मिळत नाही हे कोणत्या बाईला ठाऊक नाही? तिला पैठणीसारखे काठ हवे असतात, ते मी देतो. फसवणूक कुठे झाली?" खरेच आहे. गरिबाच्या लेकीनेही लग्नात मोरांचा पदर मिरवावा, यात आम्हांला काही गैर वाटत नाही. सुरतेच्या यंत्रमागाने ही हौस पुरविली आहे, आणि त्यावर आपल्याच खानदेशी भावांच्या चुली पेटतात. पण ती साडी एका हातातून जात नाही. सुरतेहून विकणारी बाई घेते, ती दुसरीला देते, दुसरी हजार-दीड हजाराला तिसरीला देते. पहिलीला ठाऊक असलेली गोष्ट तिसरीला ठाऊक नसते. शब्द मात्र तोच पुढे जातो.

शिवाय एक माणूस या सौद्यात कोठेच दिसत नाही. तो येवल्यात किंवा पैठणमध्ये हातमागावर बसलेला असतो. त्याच्या पैठणीची नक्षी धाग्यात धागा गुंतवून विणलेली असते, म्हणून पदर उलटा केला तरी तसाच दिसतो. यंत्रमागाच्या साडीच्या मागे तुटके, लोंबते धागे दिसतात. एका साडीला त्याचे आठवडे, कधी महिने जातात. पैठणीला आता भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव कोणाचे हे कायद्याने ठरलेले आहे. शेजाऱ्याच्या शेताचा मेरेचा दगड सरकवू नये असे नियमशास्त्र सांगते. आम्हांला वाटते, नाव हाही मेरेचा दगडच. कोणी शेजाऱ्याचे पीक कापून नेले नाही, धान्य चोरले नाही, दगड मात्र वीतभर सरकला. पुढच्या वर्षी आणखी वीतभर. आणि गंमत अशी की त्या खऱ्या पैठणीला लागणारी जरही सुरतेहूनच येते. जरीच्या व्यापारात खरी, नकली आणि प्लास्टिकची असे तीन प्रकार उघड नावाने विकले जातात. खरी म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा, नकली म्हणजे तांब्याच्या तारेची. नकलीला नकली म्हणूनही तिचा धंदा बुडाला नाही. मग साडीच्या बाबतीत इतके भय का?

काट मारलेल्या किमतीविषयी फार लिहीत नाही. २,४९९ ला ती साडी कोणी कधी विकलीच नव्हती. कायदा छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ नका म्हणतो. छापील किंमत आभाळाएवढी फुगविली की कायदाही पाळला गेला आणि सूटही देता आली. येथे एक गोष्ट मात्र कबूल करावी. गिऱ्हाईकही काही कमी नसते. विकत घेताना माल वाईट म्हणून नाक मुरडायचे आणि घरी गेल्यावर स्वस्तात आणल्याची फुशारकी मारायची, हे नीतिसूत्रांच्या लेखकाने फार पूर्वी टिपून ठेवले आहे. "पलीकडच्या दुकानात तीनशेला देतात," असे न गेलेल्या दुकानाविषयी आपण किती वेळा बोललो आहो? प्रभुभोजनाला बसणारे हात भाजीच्या टोपलीपुढेही तेच असतात.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत जड वाटते, आणि त्या तरुणाला ती सर्वांत हलकी वाटत होती. "ते तर सगळेच लिहितात, काका." फक्त ३ पीस शिल्लक. हे वाक्य साडीविषयी काहीच सांगत नाही. त्याचे काम निराळे आहे. अमळनेर किंवा शिरपूरची एखादी बाई रात्री स्वयंपाकघर आवरून फोन पाहते. एरवी तिने काय केले असते? बचत गटाचा हप्ता कधी आहे ते आठवले असते, नवऱ्याला विचारले असते, ट्रंकेतली मागची साडी काढून पाहिली असती, आणि कदाचित सकाळी म्हणाली असती, नको. हे वाक्य तिची ती रात्र काढून घेते. आमोसाने ज्या व्यापाऱ्यांना झाडले ते एफा लहान करीत आणि शेकेल मोठा करीत. फोटोत ना माप असते ना वजन. तेथे आखूड केली जाते ती विचार करण्याची वेळ. आणि जे वाक्य पडताळून पाहण्याचा कोणताच मार्ग तिच्याजवळ नाही, तेच नेमके तिच्यापुढे ठेवलेले असते. गोदाम सुरतेत, ती शिरपुरात!

सरकारलाही हे कळले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जे केंद्रीय प्राधिकरण स्थापन झाले त्याने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी नियम काढले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन व्यापारातील तेरा फसव्या रीती नावानिशी सांगितल्या. त्यांत खोटी घाई निर्माण करणे, माल संपत आल्याचे खोटे भासविणे हीही आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला किंवा शिफारस करणाऱ्याला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण फोनवरून फोनवर धावणाऱ्या लाखो मजकुरांमागे कोण शिपाई धावणार?

हे लिहीत असता आमचे लक्ष आपल्याच भिंतींकडे गेले. संजीवन सभेची हस्तपत्रके आपण छापतो. 'या आणि बरे व्हा' असे त्यांवर मोठ्या अक्षरांत असते. तावीज, मंत्र अशा उपायांनी ठरावीक रोग बरे होतात अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे हस्तपत्रक लिहिणाऱ्या किती बंधूंना ठाऊक असते? कायदा राहू द्या. कॅन्सर झालेल्या मुलाला घेऊन पंचवीस कोसांवरून आलेल्या आईला त्या अक्षरांनी कोठे नेऊन उभे केले? पौलाने देवाच्या वचनाचा धंदा मांडणाऱ्यांविषयी जो शब्द वापरला त्याला मूळ भाषेत किरकोळ विक्रेत्याचा, भेसळीचा वास आहे. तसेच शब्बाथ शाळेचे. नवे मूल आणणाऱ्याला कंपासपेटी, ही योजना आम्हीही एके वर्षी राबविली होती. मुले आली. कंपासपेट्या संपल्यावर बरीचशी गेली. त्यांना आम्ही खोटे काही सांगितले नव्हते. पण आम्ही हाक कशासाठी मारीत होतो ते त्यांना आमच्यापेक्षा लवकर कळले, एवढे खरे.

म्हणून त्या तरुणाला 'नोकरी सोड' असे म्हणण्यास आमची जीभ वळली नाही. महिन्याला पगार घेणाऱ्या आम्ही, घरभाडे भरून आई-वडिलांना गावी पैसे पाठविणाऱ्याला असे सांगावे, हे सोपे आहे. त्याला एवढेच सांगितले की तीन वाक्यांचे पाप सारखे समजू नकोस. ज्यात समोरच्या बाईची वेळ आणि डोळे हिरावले जातात ते आधी बदल, आणि मालकाशी चोरून नव्हे, बोलून बदल. तो गप्प बसला. मग म्हणाला, "विक्री कमी झाली तर?" होईल, आम्ही म्हणालो. होणार नाही असे सांगितले असते तर आम्हीही त्याला एक जाहिरातच दिली असती.

नाताळच्या सुमारास त्याचा फोन आला. 'तीन पीस' काढू देण्यास मालक तयार झाला होता. त्याचे म्हणणे पडले की तसेही आता कोणी त्यावर विश्वास ठेवीत नाही. काट मारलेली किंमत मात्र काढली नाही, ती राहिली आहे. पैठणीच्या जागी त्याने एका महिन्यापुरते 'पैठणी काठाची, यंत्रमागावरची पॉलिएस्टर साडी' असे लिहून पाहिले. मागणी कमी आली. एका बाईने फोन करून विचारले, "दादा, मागून धागे निघतात का?" तो म्हणाला, निघतात. ती हसली आणि दोन साड्या घेतल्या, एक जावेसाठी. पुढच्या महिन्यात काय लिहायचे ते मालक दिवाळीच्या हिशेबानंतर सांगणार होता, अजून सांगितले नव्हते. शब्बाथ शाळेचा वर्ग तो घेत आहे. नववी आज्ञा शिकवायचा रविवार आला, तेव्हा त्याने फोनवरचा जुना मजकूर मुलांना दाखविला आणि यात खोटे कोणते ते शोधा म्हणून सांगितले. पहिली दोन वाक्ये मुलांनी लगेच ओळखली. तिसऱ्याला वेळ लागला.