रांग आणि ओळख

गेली वीस वर्षे मी मुलांना रांगेत उभे राहायला शिकवीत आलो आहे. आधी आला त्याने आधी जावे, यातच न्याय आहे असे मी सांगत असे, आणि मला ते खरेही वाटे. गेल्या श्रावणात आईला घेऊन एका मोठ्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत बसलो, तेव्हा मात्र त्या न्यायाची मला भीती वाटू लागली.

आई सत्त्याहत्तर वर्षांची. छातीत दुखत नव्हते. नुसता घाम सुटला होता आणि गळून गेल्यासारखे होत होते. म्हातारपणी हृदयविकाराचा झटका असा चोरपावलांनीही येतो, हे डॉक्टरांनी मागाहून सांगितले. केसपेपरवर 'अशक्तपणा' एवढेच पडले. शेजारी हात मोडलेला एक तरुण सारखा ओरडत होता. त्याला आत नेले. आई पदर सावरीत मला म्हणे, "त्यांना उगीच त्रास देऊ नकोस रे." सभ्यपणा जिवावर उठतो तो असा!

नेपोलियनच्या सैन्यातला शल्यवैद्य लारे याने रणांगणावर हुद्दा पाहिला नाही. ज्याची जखम भारी त्याला आधी हात लावला. आजची इस्पितळेही तत्त्वतः हेच मानतात. पण म्हातारपणाची जखम दिसायला हवी ना! आणि दिसली, तरी वॉर्डात खाट रिकामी हवी. फ्रान्समध्ये डिसेंबर २०२२ मध्ये पंचाहत्तरी गाठलेल्या रुग्णांची पाहणी झाली. ज्यांनी तातडीच्या विभागातच स्ट्रेचरवर रात्र काढली, त्यांतले शेकडा १५.७ इस्पितळातच वारले; मध्यरात्रीपूर्वी वॉर्डात गेलेल्यांतले ११.१.

पाचव्या तासाला मी एका ओळखीच्या गृहस्थांना फोन केला. दहा मिनिटांत खाट मिळाली. आई वाचली.

स्ट्रेचर नेताना भिंतीलगतच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ दिसले. ते आमच्या आधीपासून तिथे होते. सोबत कुणी नव्हते. त्यांनी पाय आखडून घेतले आणि आम्हाला वाट करून दिली.

बायको म्हणते, मुलाने हे करायलाच हवे. पुन्हा वेळ आली तर मीही तेच करीन. पण माझ्या ओळखीने त्या इस्पितळात एक खाट वाढली नव्हती, हे मला ठाऊक आहे. आईसाठी केले असे म्हटल्याने ती खाट कुणाची होती हा प्रश्न काही मिटत नाही.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो, तेव्हा त्या बाकावर दुसरेच कुणी बसले होते. सिस्टरना विचारावेसे वाटले. विचारले नाही.